उलटू नये म्हणून

"वस्ताद, अजून एक पट्टी लावू का?"

"लाव."

मी शिशाची पट्टी सोलून बग्गीच्या पोटाला चिकटवली. मोटारींच्या चाकांना वजन सारखं करायला लावतात, ती पट्टी. टायरवाल्याकडून आणली होती.

"आणि स्प्रिंग? आहेत त्यापेक्षा कडक घालू?"

"घाल."

"उंचीपण कमी करतो. पोट मातीला टेकेल इतकी."

"कर."

वस्ताद मान वर करून बघतसुद्धा नव्हते. ताडपत्रीच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते दुसऱ्या कुणाच्या तरी बग्गीच्या मोटरचा छोटा गिअर बदलत होते.

हमीद मुल्लाणी त्यांचं नाव. जयसिंगपूरच्या बाहेर एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेवर त्यांनी मातीचा ट्रॅक केलाय. तिथं रिमोटवरच्या बग्ग्या पळतात. हातभर लांब, काटेरी टायरच्या, खड्ड्यातून उड्या मारणाऱ्या. सांगली, कोल्हापूर, निपाणीहून माणसं येतात. आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांना बग्गी बांधायला त्यांनीच शिकवलं, म्हणून ते वस्ताद.

ही बग्गी आमची. माझी आणि इंद्रादादाची. दोघांत एक. दादा बांधायचा, मी चालवायचो.

दादा मे महिन्यात गेला. ताप आला आणि गेला. मला एवढंच सांगता येतं.

त्यानंतरची ही पहिली रेस होती, आणि बग्गी पहिल्यांदाच मी एकट्यानं बांधत होतो.

"वस्ताद, तुम्ही नुसतं लाव, घाल, कर म्हणताय. बरोबर आहे का ते तरी सांगा."

"तुला काय पाहिजे ते तू सांग. मग बरोबर काय ते मी सांगतो."

"जिंकायचंय."

वस्तादांनी एक स्क्रू उचलला.

"दादासाठी जिंकायचंय."

वस्तादांनी स्क्रू आवळला. गिअर बोटानं फिरवला. बग्गी कानाजवळ नेऊन ऐकली.

"हे सगळं जिंकायला करतोयस?"

"व्हय."

"मग पळव."

पहिल्या फेरीला मी पळवली.

बांबूच्या मचाणावर उभं राहून आम्ही चालवतो. तिथून सगळा ट्रॅक दिसतो. आधी सरळ पट्टा, मग मोठी उडी, आणि उडी संपते न संपते तोच जुन्या भट्टीच्या भिंतीला लागून डावीकडं वळण. सगळ्यांच्या बग्ग्या तिथं उलटतात. सगळ्यात जास्त माझी, कारण मी एकदा बोट दाबलं की सोडत नाही.

त्या दिवशी मात्र माझी बग्गी भट्टीच्या वळणावर उलटली नाही. एकदाही नाही. चिकटून गेली.

पण उडी मारायची वेळ आली की तिचं नाक खाली जायचं आणि ती खड्ड्यातच आपटायची. खडबडीत मातीत दगडासारखी थडथडत जायची. लहान-मोठे सगळे मला मागं टाकून गेले.

"अरे, रोडरोलर आला रे रोडरोलर!" पुढच्या फेरीसाठी मचाणाखाली थांबलेले डॉक्टर कित्तुरे ओरडले. सांगलीचे दातांचे डॉक्टर. रिमोट हातात आला की त्यांचं वय कमी होतं. "मागनं कुणीतरी पाणी मारा!"

सगळे हसले. फेरी संपल्याचा पोंगा वाजला. मी शेवटचा.

बग्गी काखेत मारून मी वस्तादांसमोर येऊन उभा राहिलो.

"उलटली नाही, वस्ताद."

"नाही."

"एकदापण नाही."

"बघितलं मी."

"मग शेवटचा कसा आलो?"

वस्ताद हातांना लागलेलं ग्रीस फडक्यानं पुसत होते. एकेक बोट.

"तू उलटायचं नाही असं ठरवून गेलास. नाही उलटलास... शेवटचं यायचं नाही, हे कधी ठरवलं होतंस?"

मला राग आला. तेव्हा मला कशाचाही राग येत होता. कुणी चहा दिला तरी यायचा, नाही दिला तरी यायचा. मी रिमोट टेबलावर आपटला.

"मोटर लहान आहे! एवढं वजन ओढणार कशी? मोठी मोटर द्या."

"घे."

त्यांनी खोक्यातून मोटर काढून पुढं सरकवली. नवी, चकचकीत. मी ती उचलली आणि जुनीचे स्क्रू काढायला बसलो, तेवढ्यात हाक आली.

"मार्शल! मार्शल लोकांनी ट्रॅकवर या!"

आमच्याकडं नियम आहे. ज्याची फेरी झाली, त्यानं पुढच्या फेरीला ट्रॅकवर उभं राहायचं. कुणाची बग्गी उलटली, की पळत जाऊन सरळ करायची. मग ती दुश्मनाची असली तरी. त्याला आम्ही मार्शल म्हणतो.

"मी नाही जात," मी म्हणालो. "मला मोटर बदलायचीय."

वस्तादांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.

"जो उचलायला जात नाही, त्याची फेरी मी धरत नाही. इंद्रजित असता तरी धरली नसती."

दादाचं पूर्ण नाव ऐकून माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. घरात ते नाव आता कुणी घेत नाही.

"कुठं उभा राहू?"

"जागा रिकामी असेल तिथं."

मी ट्रॅकवर उतरलो. उडीपाशी माणूस होता. सरळ पट्ट्यावर होता. सगळीकडं होता. फक्त भट्टीच्या वळणावर कुणी नव्हतं.

ती दादाची जागा.

दादा स्वतः रेस करायचा नाही, त्यामुळं त्याला मार्शल होण्याची सक्ती नव्हती. तरी माझी फेरी असली की तो तिथं येऊन उभा राहायचा. विटांच्या ढिगाला पाठ लावून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. माझी बग्गी उलटायची, आणि मचाणावर मी "दादा!" म्हणायच्या आत सरळ होऊन पळायला लागलेली असायची. पुष्कळदा तर मला ती उलटल्याचं कळायचंसुद्धा नाही.

त्या दिवशी सकाळपासून तिथं कुणीच उभं राहिलं नव्हतं. का, ते मी कुणाला विचारलं नाही. मीही पाठ लावली नाही विटांना. थोडा बाजूला उभा राहिलो.

फेरी सुरू झाली. डॉक्टरांची पिवळी बग्गी सगळ्यांच्या पुढं होती. उडीवरून उंच आली, वळणावर घसरली आणि गपकन उताणी. चाकं हवेत भर्रभर्र फिरायला लागली.

मी बघत राहिलो. झुरळ पाठीवर पडलं की कसं करतं, तशी ती करत होती.

"अरे पोरा, आरती ओवाळतोयस काय तिला!" मचाणावरून डॉक्टर किंचाळले. "उचल की!"

मी धावलो. उचलली, सरळ केली, सोडली. माझ्या तोंडावर माती उडवून ती गेली.

पुढच्या चकरेला परत तिथंच उलटली. मी उचलली.

त्याच्या पुढच्या वेळीही. या वेळी मी आधीच पळायला लागलो होतो. ती पडली तेव्हा माझा हात तिथं होता.

"शाब्बास, पोरा!"

फेरी संपली. डॉक्टर पहिले आले. दुसऱ्यापेक्षा बरेच पुढं.

मी परत येऊन वस्तादांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसलो. हात मातीनं भरले होते.

"डॉक्टर प्रत्येक वेळी तिथं उलटत होते, वस्ताद."

"हं."

"तरी पहिले आले."

"उचलायला किती वेळ लागला तुला?"

मी चुटकी वाजवली. "एवढा."

वस्तादांनी माझी बग्गी उचलून मांडीवर घेतली. उलटी केली. पोटावरच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"ह्या कशासाठी लावल्या होत्यास?"

"उलटू नये म्हणून."

"कडक स्प्रिंग?"

"त्याच्यासाठीच."

"उंची कमी केलीस ती?"

"सगळं त्याच्यासाठीच, वस्ताद. सांगितलं की मघाशी."

"मघाशी तू जिंकायला म्हणालास."

मी नखातली माती काढायला लागलो.

"उलटली तर काय होतं, सत्या?"

"काय होतं म्हणजे... उलटते."

"उलटली, मग?"

"मग पडून राहते."

"मग?"

"मग चाकं फिरत राहतात..."

"मग?"

"मग कुणी येत नाही!" मी ओरडलो. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. "मग मी वर उभा, बग्गी तिथं पडलेली, आणि कुणी येत नाही! कळलं? हेच ऐकायचं होतं ना तुम्हाला?"

वस्तादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवला असता तर मी उठून घरी गेलो असतो.

मी रडलो. बराच वेळ. त्यांनी दुसऱ्याची बग्गी पुढं ओढून काम चालू ठेवलं. मधेच एकाला म्हणाले, "तुझ्या डाव्या शॉकमधलं तेल गळतंय, बघ." त्यानं माझ्याकडं न बघता मान हलवली.

माझं संपल्यावर त्यांनी एक पत्र्याची पट्टी माझ्यासमोर धरली. रंग खरवडायची असते, तसली.

मी शिशाच्या पट्ट्या खरवडून काढल्या. चिकट राहिलं होतं ते फडकं थिनरमध्ये बुडवून पुसलं. दादानं बसवलेले मऊ स्प्रिंग पिशवीच्या तळाशी होते, ते परत घातले. उंची वाढवली. बग्गी टेबलावर हातानं दाबून सोडली, तर ती हळूच वर आली. श्वास घेतल्यासारखी.

"मोठी मोटर, वस्ताद?"

"तुला पाहिजे?"

मी ती खोक्यात ठेवून दिली.

आमच्या गटाच्या शेवटच्या फेरीचं बोलावणं आलं. मी मचाणावर चढलो. बाकीचे चालवणारे आपापल्या जागी उभे होते. खाली मार्शल लोक ट्रॅकवर पांगत होते. डॉक्टर कित्तुरे उडीपाशी गेले. दुसरा एक सरळ पट्ट्यावर. माणसं कमी होती. सगळे उभे राहिले, तरी भट्टीचं वळण रिकामंच.

बग्ग्या रेषेवर लागल्या. पोंगा वाजवणाऱ्यानं हात वर केला.

माझं बोट रिमोटवर होतं, पण ते माझं नव्हतं. सकाळी ते सोडावंसं वाटत नव्हतं, आता ते दाबेना.

"थांबा!" मी म्हणालो. आवाज फाटला. "वस्ताद... तिथं कुणीच नाही."

वस्तादांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, आणि उठले.

सगळं मैदान त्यांच्याकडं बघायला लागलं. वस्ताद ट्रॅकवर उतरत नाहीत, हे तिथं नवख्यालाही माहीत असतं. विटांचा ट्रक अंगावर आल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. खुर्चीतून मोरीपर्यंत जायलासुद्धा ते काठी घेतात.

डॉक्टर उडीपासून पळत आले. "वस्ताद, अहो, तुम्ही बसा. मी बघतो तिथलं."

"डॉक्टर, तुमची जागा सोडू नका."

"अहो, पण पाय..."

"माझ्या तोंडातला दात दुखला की तुम्हाला बोलवीन. जा."

ते निघाले. काठी पुढं, मग डावा पाय, मग उजवा ओढत. मऊ मातीत काठी रुतायची, ती उपटायची. कुणी मदतीला गेलं नाही. कुणाची छातीच झाली नाही. पोंगावाला हात वर धरून तसाच उभा होता.

वळणावर पोहोचल्यावर त्यांनी विटांच्या ढिगाला पाठ लावली. काठी बाजूला टेकवली. आणि दोन्ही हात मोकळे करून मचाणाकडं बघितलं.

मला राहवलं नाही. मी वरून ओरडलो, "वस्ताद, तुम्हाला वाकता येत नाही! उलटली तर उचलणार कशी?"

तिकडून आवाज आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"तू उलटव तर खरं!"