ओढ्यावरचा साकव

एकदा एका डोंगराळ मुलखात, ओढ्याकाठच्या मठात, एक वृद्ध स्वामी आणि त्यांचा शिष्य राहत असत. पावसाळ्यात ओढा फुगला की पलीकडच्या वाडीची वाट बंद होई. आदल्या श्रावणात त्या वाडीतली शेवंता नावाची बाई तापाने फणफणलेल्या सासूसाठी अंगारा न्यायला मठात आली होती. शिष्यानेच तिच्या हातावर अंगारा ठेवला आणि म्हटले, "देव पाठीशी आहे, जा." परतताना ती वाहून गेली. तेव्हापासून शिष्याची प्रार्थना लांबत गेली, पण मनाला स्वस्थता लाभली नाही.

माघात येसबा नावाचा एक वयस्क गवंडी तिथे आला. ओढ्यावर दगडी साकव बांधून देतो, म्हणाला. मजुरी नको, दोन वेळची भाकरी आणि हाताखाली माणसे, एवढेच त्याचे मागणे. शिष्य हरखला आणि पूजेचे ताट घेऊन काठावर गेला.

"पाया भरण्याआधी नारळ वाढवू."

"तो तुमच्या मठात वाढवा," येसबा म्हणाला. "माझा मुलगा असाच एका ओढ्यात गेला. त्या दिवसापासून मी देवापुढे उभा राहिलेलो नाही. जिथं वाट तुटते तिथं जातो आणि बांधतो."

शिष्य दुखावला. त्याने स्वामींच्या कानावर ही गोष्ट घातली. स्वामी म्हणाले, "उद्यापासून त्याच्या हाताखाली जा. तो सांगेल ते कर."

चार महिने शिष्याने दगड वाहिले, चुना मळला. येसबा फारसे बोलत नसे. मात्र भाकरी सोडली की पहिली शिष्यापुढे सरकवी.

साकव पुरा झाला आणि आषाढात ओढा दुथडी भरून वाहू लागला. एके दुपारी वाडीच्या माणसांनी एका अडलेल्या गरोदर बाईला डोलीत घालून साकवावरून अलीकडे आणले आणि दवाखान्यात पोहोचवले. सायंकाळी निरोप आला, मायलेक सुखरूप आहेत. ते ऐकताच स्वामी उठले, साकवाशी आले, वहाणा काढल्या आणि पहिल्या दगडाला हात लावून तो कपाळी नेला.

शिष्य गोंधळला. "स्वामीजी, इथं तर देवाचं नावसुद्धा घेतलं गेलेलं नाही."

"चाळीस वर्षं मी या काठावर एकच मागत आलो, की ओढा ओलांडणारा सुखरूप घरी पोहोचो. मागून झालं की आत जाऊन जेवत होतो. माझं मागणं आज ज्याच्या हातून पुरं झालं, तो कोणाला मानतो हे विचारायला मी कोण?"

शिष्य म्हणाला, "मग माझी प्रार्थना वायाच गेली म्हणायची."

"नाही रे. शेवंतेचं दुःख तुझ्या मनात त्या प्रार्थनेनेच जागं ठेवलं. म्हणून तर मन दुखावलेलं असूनही तू चार महिने दगड वाहिलेस. येसबाचं दुःख त्याच्यापाशी होतं, तुझं तुझ्यापाशी. दोन्ही एकाच कमानीत बसली. आता देवाचे आभार तेवढे मानायचे राहिलेत. तो मानणार नाही, तेव्हा ते काम आपल्याकडे आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी येसबा थापी, ओळंबा गोणीत भरत होता. शिष्य पाया पडायला वाकला, तसा तो मागे सरला.

"बरं, नमस्कार नको," शिष्य म्हणाला. "मुलाचं नाव तेवढं सांगा. रोजच्या प्रार्थनेत शेवंतेबरोबर त्याचंही घेईन."

येसबाने गोणीचे तोंड बांधले.

"भिवा," तो म्हणाला. "घ्या. आणि पुराबरोबर पालापाचोळा येऊन कमानीत अडकतो. तो रोज काढत जा, नाहीतर दगड हलतील."

त्या सायंकाळपासून शिष्य आधी ओढ्यावर जाई, बांबूने पालापाचोळा मोकळा करी आणि मग ओल्या पायांनीच प्रार्थनेला बसे.