धुरपाची हाक

तुमच्या पणजोबांचे पणजोबा पाळण्यात मुठी चोखत होते, फार वर्षांपूर्वीची ती गोष्ट. कारवटवाडीत धुरपा नावाची एक पोर होती. पायाला नुसती भिंगरी! एका जागी बसेल तर शपथ.

तिचं लग्न लागलं. अक्षता पडल्या, ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं, सुशीला. सुशीला! आणि हिला! पण हसायची सोय नव्हती, रीतच होती ती. बाईचं माहेरचं नाव मांडवात सुटायचं, ते पुन्हा कुणी उच्चारायचं नाही. उच्चारलं तर तिचा संसार मोडतो, असं म्हणत.

धुरपानं ताट उधळलं आणि हळदीच्या अंगानं पळत सुटली, ती थेट गावावरच्या खिंडीपलीकडे.

तिथं टाकलेल्या नावांचं रान होतं, असं म्हणतात. झाडाझाडाला नावं वटवाघळांसारखी लोंबायची, कुजबुजायची. ठकी, बगी, साळू... धुरपा हिंड हिंड हिंडली. बसवेना, थांबवेना. पण त्या रानाचा गुणच वाईट, आत शिरलेल्याचंही नाव गळायला लागायचं. ऊन उतरलं तसं तिच्या जिभेवर 'सुशीला'च यायला लागलं. आपलं खरं नाव काय, तेच आठवेना! पोर घाबरली, धाय मोकलून रडली.

तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून आवाज आला, "गोजरा, गोजरा." हेल ओळखीचा होता. ओव्या म्हणताना आई असाच हेल काढायची. म्हणजे गावाची पार्वतीबाई, आपली आई, कधीकाळी गोजरा होती तर! धुरपा खिंडीत धावली आणि जीव खाऊन ओरडली, "अगं ए गोजरे!"

खाली मांडवात आई ताडकन उठली. विहीण म्हणाली, "गप बसा पार्वतीबाई, तिचं जुनं नाव घ्याल तर लेकीचा संसार मोडेल."

आईनं पदर खोचला. "ओ! काय गं धुरपे?"

नाव आलं, तसा धुरपाच्या जिवात जीव आला. मग काय विचारता! तिनं रानातल्या एकेक नावाला हाक मारली आणि गावातून म्हाताऱ्याकोताऱ्या ओ देत राहिल्या.

पुढं ती नांदली, असं कुणी म्हणतात. कुणी म्हणतात, अजून हिंडतेय. मला विचाराल, तर ती कसली बसतेय घरात!

पण कारवटवाडीत आजही लग्नाआधी नवरी खिंड चढते आणि आईला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारते. खालून ओ आल्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत. आणि जिची आई वारलेली असते, तिच्या हाकेला गावातल्या सगळ्या बाया एकदम ओ देतात.