लागलं तर?

निवृत्त मामलेदार भाऊसाहेबांचा शब्द घरात कुणी मोडत नसे. मुलगा आणि नवी सून मृणाल मधुचंद्राला माथेरानला निघाली, तर बॅगही भाऊसाहेबांनीच भरायला घेतली. छत्री, रग, स्टोव्ह. पाटा-वरवंटा तेवढा राहिला. कशाला म्हणून विचारलं की एकच उत्तर, "लागलं तर?"

बॅग मिटेना आणि गाडीची वेळ झाली. मृणालने रुखवतातली तान्ह्या बाळाची कुंची आणली आणि निमूटपणे सगळ्यांत वर ठेवली.

भाऊसाहेब दचकले. "अगं, चार दिवसांसाठी चाललात. ही कशाला?"

"लागलं तर?" मृणाल म्हणाली.

भाऊसाहेबांनी मान खाली घालून कुंची बाहेर काढली. मागोमाग स्टोव्ह निघाला, मग रग.

सासूबाईंनी कुंची उचलून कपाटात ठेवली. "ही मात्र लागणार आहे."