रानडुकराचे तळे आणि बांधाखालची सशीण

मुलांनो, जंगलातल्या एका लहानशा ओढ्याच्या काठी एक रानडुक्कर राहत असे. अंगाने दांडगा, पण मनाने अगदी साधा. सुळ्यांनी कंदमुळे उकरायची आणि उरलेल्या वेळात चिखलात लोळायचे, एवढाच त्याचा उद्योग. त्याच्या अंगाला चिखलाचा वास येई, म्हणून हरणे त्याला बघताच नाक मुरडत, आणि मोर तर पिसारा गोळा करून चार पावले लांब सरके. डुक्कर यावर काही बोलत नसे. पण वाईट त्यालाही वाटे. का वाटू नये?

उन्हाळ्यात ओढा आटला की लोळायला चिखलही उरत नसे. म्हणून एका वर्षी त्याने ओढ्यावर मातीचा बांध घालायला घेतला. नाकाडाने माती लोटायची, तिच्यावर नाचून नाचून ती तुडवायची, मग वर दुसरा थर. असे करता करता चांगला उंच बांध उभा राहिला. एका टोकाला खडक होता. तिथे मात्र त्याने बांध मुद्दाम बुटका ठेवला. तळे भरले की जास्तीचे पाणी या वाटेने निघावे आणि खडकावरून पलीकडच्या घळीत जावे, असा त्याचा बेत. अशा वाटेला सांडवा म्हणतात. डुकराला हे कोणी शिकवले नव्हते. पण पोटात मावेल तेवढेच खावे, नाहीतर काय होते, हे त्याने स्वतः भोगलेले होते.

पावसाळ्यात तळे भरले, आणि डुकराचे नशीबच पालटले. वानरे जांभळाच्या फांदीवरून पाण्यात धबाधब उड्या टाकू लागली. पाणमांजरांनी काठावर घसरगुंडी केली. बदके आली, हरणे आली, मोरसुद्धा आपले रूप पाण्यात बघायला येऊ लागला. खेकड्यांनी तर बांधातच बिळे करून बिऱ्हाड थाटले. डुकराने कोणालाच नाही म्हटले नाही. काल ज्याला कोणी जवळ उभे करत नव्हते, त्याला आता सगळे "मालक, मालक" म्हणत. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढले. बिचाऱ्याला इतकी माणुसकी, म्हणजे आपली प्राणिसुलभ माया म्हणा, जन्मात कधी मिळाली नव्हती.

एके दिवशी एक वानर ओल्या शेपटीचे पाणी झटकत म्हणाले, "मालक, तळं झकास आहे, पण उडी मारली की पाय तळाला लागतात. ते बघा, तुमच्या सांडव्यातून पाणी फुकट वाहून चाललंय. बुजवून टाका की!"

"अरे, पण जास्तीचं पाणी जायला वाट नको का?" डुक्कर म्हणाला.

"तुमचा बांध म्हणजे डोंगर आहे, डोंगर! त्याला काय धाड भरलीय?"

अशा रीतीने वानराने डुकराला हरभऱ्याच्या झाडावर चढवले, आणि तोही चढला. दगड आणि माती लोटून त्याने सांडवा बुजवला. पाणी हातभर वर आले, वानरांनी टाळ्या पिटल्या, आणि जंगलाची पोहण्याची शर्यत इथेच भरवायची असे ठरले.

आता या बांधाच्या खाली, ओढ्याच्या कोरड्या पात्रालगत, करवंदाची एक दाट जाळी होती. तिच्यात एक सशीण आपल्या पिलांना घेऊन राहत होती. ती कधी तळ्यावर आली नव्हती. शर्यतीच्या दिवशी सकाळी मात्र ती बांध चढून वर आली आणि काठाशी अंग चोरून उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय. काल नितळ येत होतं, म्हणून मी गप्प बसले. आज गढूळ येतंय."

"पावसाळ्यात ओल यायचीच, ताई. उगाच भिऊ नकोस."

"सशाचं काळीज! दुसरं काय?" फांदीवरून वानर ओरडले, आणि सगळे खो खो हसले.

सशीण हसली नाही आणि रागावलीही नाही. "पिलांना अजून पळता येत नाही हो," ती म्हणाली. "वरच्या माळावर न्यावीत, तर तिथे कोल्ह्याचा वावर. नाहीतर तुमच्या मजेत मी कशाला आले असते?" आणि ती आल्या वाटेने परत गेली.

मस्करी संपली, शर्यतीची तयारी सुरू झाली, पण डुकराचे तिकडे लक्ष लागेना. शेवटी तो उठला आणि सशिणीच्या मागोमाग बांध उतरला. बांध बांधून झाल्यापासून तो या बाजूला एकदाही आला नव्हता. आपले तळे त्याने पाहिले होते ते नेहमी पाण्याकडून. इथून तळे दिसतच नव्हते. दिसत होती फक्त मातीची भिंत, आणि ती त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर गेली होती. पाणी वर चढून खेकड्यांच्या बिळांत शिरले होते, आणि एका बिळातून आरपार येऊन पायथ्याशी बुडबुडत होते. डुकराने ते हुंगले. त्यात त्याचीच माती होती, त्यानेच तुडवलेली. पाणी बांधाला आतून पोखरत होते.

जाळीत पिले एकमेकांना चिकटून झोपली होती. डुकराने डोंगराकडे पाहिले. तिकडे आभाळ काळेकुट्ट झाले होते.

"ताई, पिलांना घेऊन वरच्या खडकावर चल," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. कोल्हा आला तर मी आहे."

सशीण एकेक पिलू तोंडात धरून खडकावर आणू लागली, आणि डुक्कर जवळच बुजवलेल्या सांडव्यापाशी येऊन उभा राहिला. पाण्यात सगळे जंगल लोटले होते. बदके रांगेत उभी होती, पाणमांजरे उड्या मारून अंग मोकळे करत होती. सांडवा उघडला की हे सगळे जाणार, आणि आपण पुन्हा पहिल्यासारखे एकटे राहणार, हे त्याला स्पष्ट कळत होते. त्याचे डोळे भरून आले. तरी त्याने पहिला दगड सुळ्याने उचकटला.

"अहो मालक, हे काय करताय?" वानर धावत आले. "आज शर्यत आहे! उद्या फोडा हवं तर."

"उद्या बांध असेल की नाही, सांगता येत नाही."

"मग पाणी गेल्यावर आम्ही इथे येऊन करायचं काय?"

हे बोलणे डुकराच्या जिव्हारी लागले. मालक म्हणून हाक मारणारे हे सगळे पाण्याचे सोबती होते तर! त्याने मान खाली घातली आणि सांडवा पहिल्यापेक्षाही खोल उकरला. पाणी खळाळत घळीत जाऊ लागले. तळे उतरत गेले, तसतसे पाहुणेही उठत गेले. कोणी तोंडावर बोलले, कोणी पाठ फिरवून बोलले. मोर म्हणाला, "शेवटी डुक्कर ते डुक्करच!"

तळे अर्धे रिकामे झाले असेल नसेल, तोच डोंगरावरून लोंढा आला. सांडव्यातून पाणी गर्जत निघाले, पण पोखरलेल्या जागी बांध खचला तो खचलाच. मातीचा मोठा तुकडा कोसळला आणि उरलेले पाणी तिथून खाली धावले. करवंदाच्या जाळीत गुडघाभर गाळ भरला. अर्ध्या तळ्याने एवढे केले. भरल्या तळ्याने जाळीचे मूळसुद्धा ठेवले नसते.

खडकावर सशीण पिलांना पोटाशी धरून बसली होती, आणि त्यांच्यासमोर डुक्कर आडवा उभा होता. खाली आपल्या घराच्या जागी साचलेला गाळ तिने पाहिला. मग म्हणाली, "दादा, तुमचं तळं गेलं हो."

"जाऊ दे," डुक्कर म्हणाला. "तुझी पिलं मोजून घे आधी."

पाऊस उघडल्यावर तळ्याच्या जागी नुसता चिखल उरला. बरेच दिवस तिकडे कोणी फिरकले नाही. डुकराने बांध पुन्हा घालायला घेतला, तेव्हा सोबतीला एकटी सशीण होती. माती तुडवणे काही तिला जमण्यासारखे नव्हते. पण ती म्हणाली, "वरून तुम्ही बघा, खालून मी बघत जाईन. गढूळ दिसलं की हाक मारीन." तेव्हापासून दोघांचा तो रिवाजच झाला. खेकड्यांना डुकराने हात जोडून दुसरी जागा दाखवली. आणि सांडवा त्याने चांगला रुंद ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात तळे भरले, आणि काही झालेच नाही अशा थाटात पाहुणे परत आले. डुकराने कोणालाही अडवले नाही. त्याचा स्वभावच तसा. चार दिवस झाले नाहीत तोच वानर म्हणाले, "मालक, पाय तळाला लागतात हो. सांडवा थोडासा बुजवला तर?"

डुक्कर शांतपणे म्हणाला, "बुजवू की. आधी बांधाखाली जा आणि सशीणताईला विचारून ये. ती हो म्हणाली की लगेच बुजवतो."

वानर उड्या मारत खाली गेले. जाळीपुढे सशिणीची पिले लपाछपी खेळत होती. सशीण म्हणाली, "या भाऊ, बसा." वानर बसले, आणि बसल्यावर त्याची नजर वर गेली. मातीची ती भिंत त्याच्या डोक्यावर उभी होती, आणि तिच्या पलीकडे किती पाणी आहे हे त्याला पक्के माहीत होते. पिले त्याच्या शेपटीशी खेळू लागली. जो प्रश्न विचारायला ते आले होते, तो त्याच्या तोंडून निघेना.

ते वर परत आले, तेव्हा डुकराने विचारले, "काय म्हणाली ताई?"

"विचारलंच नाही," वानर म्हणाले, आणि गुपचूप उथळ पाण्यात जाऊन पोहू लागले.

तात्पर्य : ज्याने पाणी अडवले, त्याने आपले तळे बांधाखाली राहणाऱ्याच्या दारात उभे राहूनही बघावे.