पोटाखालचा पत्रा

"एक शब्द, उस्ताद. दुसरं काही मागत नाही. द्याल ना?"

दस्तगीर मुजावर दर्ग्याच्या पायरीवर बसून मलिद्याचे गहू निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाचा शब्द?"

"विमान मूळचं आहे, याचा. तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं? अंगाखांद्यावर खेळवलंय तुम्ही."

उस्तादांनी एक खडा उचलला, बाजूला ठेवला.

"खेळवलंय, हे खरं."

श्रीरंग उपासनी खाली उभा होता. साठी उलटलेली, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सफारी. पाइपांचा कारखाना त्याचा, विमान जतन समितीचा अध्यक्षही तोच. गावात तो कुठेही गेला की आधी खुर्ची येई. इथे कुणी बस म्हटलं नव्हतं, म्हणून उभा.

आता या दोघांचं नातं असं. उस्ताद हवाई दलात फिटर होते. लढाऊ जेट विमानांच्या पत्र्याचं काम. पत्रा फाटला, भोक पडलं, की उस्तादांना हाक. श्रीरंग विसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आला, नऊ वर्षं राहिला, मग धंद्यात शिरला आणि मोठा झाला. उस्ताद निवृत्त झाले आणि घराण्याचा दर्गा झाडत बसले.

दोघांच्या हातांखालून गेलेलं हे विमानही म्हातारं झालं. दलाने ते गावाला भेट दिलं. इंजिन काढून, तीन तुकडे करून ट्रकवरून आलं, माळावर चौथरा बांधून पुन्हा जोडलं. त्या दिवशी बँड होता, पेढे होते, हार तर इतके की विमानाचं नाक दिसेना.

पुढच्या वर्षी पुसायलाही कोणी आलं नाही.

उन्हाने रंगाचे पापुद्रे सुटले. पंखात पाणी साचलं. टायर बसले. नगरपालिका म्हणे, विमान दलाचं. दल म्हणे, दिलं ते तुमचं. तेव्हा श्रीरंगने समिती काढली आणि दारोदार फिरला. लोक देवळाला देतात, पुतळ्याला देतात. विमानाचं नाव काढलं की विचारतात, "उडणार का?" नाही म्हटलं की पाकीट परत खिशात.

मग श्रीरंगला युक्ती सुचली. दुरुस्तीत काही कुजके पत्रे निघाले होते. त्यांचे तुकडे कापले, घासले, किल्लीला अडकवायचे बिल्ले केले. देणगी द्या, खऱ्या लढाऊ विमानाचा तुकडा घरी न्या. लोक तुटून पडले. त्यातून रंग झाला, टायर आले, कुंपण झालं.

कुजके पत्रे वर्षभरात संपले. मागणी संपली नाही.

आता हवं होतं छप्पर. पुण्याचा एक न्यास ते बांधून द्यायला तयार होता. अट एकच. विमानाचं अंग मूळचं आणि शाबूत आहे, असं जाणत्या माणसाने तोंडाने सांगायचं. न्यासाच्या कर्णिकबाई दुसऱ्या दिवशी अकराला यायच्या होत्या. छप्पर झालं नाही तर विमान येता पावसाळा काढत नव्हतं.

"येतो," उस्ताद म्हणाले. "पण हात फिरवल्याबिगर शब्द नाही."

"फिरवा की! बाईंच्या समोर एक फेरी मारू सावकाश."

"त्या अकराला येणार ना? मी दहाला येतो."

दुसऱ्या दिवशी उस्ताद दहाला आले. पायात चप्पल, हातात छोटी लाकडी हातोडी, काखेत गोणपाट. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण विमान दिसलं तशी चाल बदलली. चौथऱ्याखाली चपला काढल्या.

नाकापासून सुरुवात केली. डावा तळवा पत्र्यावर टेकवला आणि चालत राहिले, आंधळा माणूस भिंत धरून चालतो तसे. श्रीरंग मागे मागे.

"रंग बघा उस्ताद. तीन हात दिलेत."

"हं."

"टायर तर कलकत्त्याहून आणले. आता मिळत नाहीत कुठे."

"हं…"

पंखाखाली वाकले. चाकाच्या खोबणीत बोट घातलं, बोट बघितलं, सदऱ्याला पुसलं. मग गोणपाट विमानाच्या पोटाखाली अंथरलं आणि उताणे झोपले.

"झोपता कशाला? कपडे खराब होतील."

"तुझे नाही ना झाले?"

श्रीरंग हसला. पण हसू लगेच उतरलं, कारण उस्ताद म्हणाले, "चल. शेपटातून आत जा."

"आत? आत कशाला, उस्ताद? बाईंना बाहेरचंच बघायचंय."

"आपण रिबीट कधी एकट्याने मारलंय?"

श्रीरंग शेपटाकडे वळला.

विमानाचे पत्रे रिबिटांनी जोडतात, आणि रिबिटाला माणसं लागतात दोन. एक बाहेरून ठोकतो. दुसरा आत बसून लोखंडी ठोकळा धरतो, त्यावर रिबिटाचं शेपूट चेपतं. मध्ये पत्रा. एकाला दुसरा दिसत नाही, आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आतल्याने ठोकून सांगायचं. दोन ठोके म्हणजे चांगलं बसलं. तीन म्हणजे वाईट, काढून टाक. बाहेरच्याने वाद घालायचा नाही. आतला सांगेल ते खरं.

नऊ वर्षं बाहेर उस्ताद आणि आत श्रीरंग. तेव्हा तो काडीसारखा होता.

इंजिन नसल्यामुळे शेपटाचं तोंड मोकळं होतं. श्रीरंगने डोकं घातलं, खांदे घातले, आणि पोटाशी अडकला.

"उस्ताद… बसत नाही."

"श्वास सोड. अध्यक्ष बाहेर ठेव, श्रीरंग तेवढा आत जाऊ दे."

सफारीचं एक बटण तुटून खणखणत आत गेलं. त्याच्या मागे श्रीरंग.

आत भट्टी होती. चैत्राचं ऊन वरून पत्रा तापवत होतं. तो हातापायांवर सरकत पुढे आला आणि डोळे सरावायची वाट बघत राहिला. आधी दिसल्या उस्तादांच्या रिबिटांच्या ओळी. पन्नास वर्षं जुन्या, पण शेतकऱ्याने नेमाने पेरावं तशा सरळ. इथे कुणी बघणार नव्हतं, तरी सरळ.

मग उजव्या हाताला खालचे चौकोन दिसले.

बाहेरून त्यांना रुपेरी रंगाचे तीन हात होते. आतून कोणी रंग दिला नव्हता. आतून ते जे होते तेच होते. 'शुद्ध शेंगदाणा तेल.' पुढच्यावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यावर तेच, पण उलटं. एकाच्या कोपऱ्यात शेंग सोलणारी बाई हसत होती. उन्हाने डब्यांना तेलाचा वास सुटला होता, खवट.

विमानाचा चांगला पत्रा कापताना त्याला काही वाटलं नव्हतं. विमान वाचवायचंय, खालचा पत्रा कोण बघतंय, असं म्हणत मिस्त्रीला खडूने चौकोन आखून दिले होते. आता डावीकडे त्याने मान वळवली नाही. डावीकडे नऊ होते. ते न बघताही त्याला ठाऊक होते.

टक.

खालून एक ठोका आला. पुढच्या अंगाचा पत्रा, मूळचा. श्रीरंगने खिशातली किल्ली काढली आणि आतून दोन ठोके दिले. टक टक.

उस्ताद पुढे सरकले. टक. मूळचा. टक टक.

असे सात-आठ झाले. श्रीरंगच्या हाताला जुनी सवय सापडली. क्षणभर बरंही वाटलं.

ठप.

हा डबा होता.

बाहेरून आवाज ऐकूनच उस्तादांना कळलं असणार. बहिऱ्यालाही कळलं असतं. पण ते वाट बघत राहिले.

श्रीरंगच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. त्याने किल्ली उचलली.

टक टक.

चांगलं बसलंय.

खाली शांत… वारा कुंपणाच्या तारेतून गेला तेवढाच आवाज.

मग पुन्हा त्याच जागी, तितक्याच हलक्या हाताने, ठप.

ठोका रागाने मारलेला असता तर श्रीरंगने सोसला असता. हा तसा नव्हता. पहिल्या दिवशी पोराच्या हातून ठोकळा निसटला होता, तेव्हा उस्तादांनी मारला होता तसा होता. पुन्हा बघ, बाळा, घाई नाही.

कुंपणाबाहेर गाडी थांबली. दार लागलं. बायकी चपलांचा आवाज खडीवरून येऊ लागला.

"मुजावरसाहेब का? नमस्कार. मी कर्णिक. लवकर आले थोडी. अध्यक्ष कुठे आहेत?"

"कामावर आहेत, बाई. बसा त्या दगडावर. सावली आहे."

श्रीरंगला वाटलं, असंच आत राहावं. रात्री बाहेर पडावं आणि गाव सोडून जावं.

त्याने किल्ली उचलली. 

टक. टक. टक.

उस्ताद पुढे सरकले. ठप.

टक. टक. टक.

अकरा डबे. अकरा वेळा तीन. शेवटच्याला किल्ली हातातून पडली, तर त्याने बोटांच्या पेरांनीच ठोकलं.

"हे काय चाललंय?" बाईंचा आवाज आला.

"तो सांगेल," उस्ताद म्हणाले.

आत वळायला जागा नव्हती. श्रीरंग उलटाच सरकत निघाला. शेपटातून आधी त्याचे बूट बाहेर आले, मग पाय, मग धुळीने माखलेली पाठ. न्यासाच्या बाईंना अध्यक्षांचं पहिलं दर्शन हे असं झालं. उतरताना गुडघा आपटला. सफारी काळा झाला होता, पोटावर बटण नव्हतं.

त्याने हात जोडले.

"बाई… अकरा पत्रे मूळचे नाहीत."

"म्हणजे?"

"मी कापले. चांगले होते. बिल्ले करून विकले. त्या जागी तेलाच्या डब्यांचा पत्रा लावलाय. वरून रंग दिलाय."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी विमानाकडे बघितलं. मग आपल्या पर्सकडे. पर्सच्या साखळीला एक बिल्ला लटकत होता. मागच्या वर्षी नवऱ्याने हौसेने आणला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. मुठीत धरला तेवढा.

"हे अजून कोणाला माहीत आहे?"

"मिस्त्रीला. आणि आता तुम्हाला."

"नसतं सांगितलंत तर मला कळलं असतं?"

"नाही."

 उस्ताद गोणपाटावर उठून बसले होते, गुडघे चोळत. ते कुणाकडेच बघत नव्हते.

"मी तीस वर्षं देणग्या वाटते आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "पैसे घेण्यासाठी खोटं बोलणारे ढीगभर बघितले. पैसे समोर असताना खरं बोलणारा आज बघितला. छपराचं मी न्यासापुढे मांडते, उपासनी. अकरा पत्रे काय, बदलता येतील. अशा माणसाच्या हातात विमान राहील, याची मला खात्री वाटते."

श्रीरंगचे डोळे भरले. त्याने रुमाल काढून तोंड पुसलं, मग मान, मग सफारीची धूळ झटकली. पाठ हळूहळू ताठ झाली.

"चूक माणसाच्याच हातून होते, बाई," तो म्हणाला. आवाज आता सभेतला झाला होता. "पण लपवू नये. मी तर समितीतल्या तरुणांनाही हेच सांगतो. आपलं मन साफ हवं. एकदा सगळं बोलून टाकलं की…"

विमानाच्या पोटाखाली काहीतरी घासत गेल्याचा आवाज झाला.

उस्ताद गोणपाट ओढत विमानाच्या पलीकडल्या अंगाला गेले होते. त्यांनी ते नीट अंथरलं, कोपरा दुमडला होता तो सरळ केला, आणि पुन्हा उताणे झोपले. हातोडी छातीवर ठेवली.

"आत जा, श्रीरंगा. डावी बाजू राहिली."