बोरीची धाकटी गाठ

माणसं तंबाखूचा लाकडी पाईप घरीच कोरायची, तेव्हाची गोष्ट. येसाजीच्या पडवीत बोरीच्या मुळाच्या दोन गाठी होत्या, सख्ख्या बहिणी. बिघडलेला पाईप थेट चुलीत जातो, हे दोघींना ठाऊक होतं.

पडवीतल्या हत्यारांत शब्द चाले तो लाकूड कोरणाऱ्या म्हाताऱ्या पटाशीचा. "आधी रूप, मग भोक. पहिल्यापासून असंच चालत आलंय."

थोरली निमूट बसली. पटाशीने तिची दांडी कमळाच्या देठासारखी नाजूक कोरली. मग गिरमिट आत शिरलं, जरासं तिरकं गेलं आणि दांडी फोडून बाहेर आलं. थोरली चुलीत गेली.

"नशीब तिचं!" पटाशी म्हणाली. "चल गं धाकटे."

"नशीब कसलं? चूक तुमची आहे, आजी. अंगात जाडी आहे तोवर भोक पाडा, मग त्याच्या कलाने कोरा."

"आणि तोवर अशी ओबडधोबड बसणार? लाज नाही वाटत?"

"अजिबात नाही."

पटाशी चिडून चालून आली. धाकटीने आपली सगळ्यात कठीण बाजू पुढे केली. पटाशी घसरली, तिची धार गेली. वैतागून येसाजीने गिरमिट उचललं. ते याही वेळी तिरकं गेलं, पण लाकडातच राहिलं. धार लावून आलेल्या पटाशीला मग भोकाच्या कलानेच कोरावं लागलं.

"वाकडीच झालीस," ती पुटपुटली.

येसाजीने तंबाखू भरून झुरका घेतला. धूर अलगद तोंडात आला.

"झाले वाकडी," धाकटी म्हणाली. "आता पुढची गाठ कोरायच्या आधी मला विचारा."