खळ शिजवणारी आक्का

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी कधीची ते मलाही सांगता येणार नाही, पण तेव्हा राजे होते आणि समुद्रावरून शिडाची जहाजं येत होती.

एका माळरानावर घोंगडी विणणाऱ्यांचं गाव होतं. त्या गावात एक विणकर होता आणि त्याच्या शेजारी एक विधवा बाई राहायची. सारा गाव तिला आक्का म्हणायचा. आक्का चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्यांची खळ शिजवायची. मागावर चढवण्याआधी लोकरीच्या उभ्या धाग्यांना ही खळ लावावी लागे. नाहीतर धागे तटातट तुटत. घरटी एक शेर जोंधळा, एवढ्यावर आक्काचं चालायचं.

एके वर्षी बंदरात परदेशी कांबळी आली. मऊ, हलकी आणि निम्म्या किमतीची. लोकांनी ती घेतली. गरिबांनी तर आनंदानं घेतली, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पण पावसाळा संपेपर्यंत गावातले सगळे माग थांबले.

राजा मनानं चांगला होता. त्यानं हुकूम काढला, "परदेशी मालानं ज्याचं काम गेलं, त्याला वर्षभराचं धान्य द्या आणि नवा हुन्नर शिकवा."

कारभारी गावात आला. पिंपळाखाली बसून एकेकाला बोलावू लागला. आक्काची पाळी आली.

"बाई, तुम्ही घोंगडी विणता?"

"नाही दादा, मी खळ शिजवते."

"मग परदेशातून खळ आली का?"

"खळ कशी येईल? चार दिवसांत आंबते ती."

"चिंचोके आले?"

आक्काला हसू आलं. "चिंचोके कोण जहाजात घालेल, दादा? पोरंसुद्धा चिंच खाऊन थुंकून देतात."

"म्हणजे तुमचं काम परदेशी मालानं नेलेलं नाही," कारभारी म्हणाला.

"मग कुणी नेलं?"

कारभारी गोंधळला. त्यानं हुकूम पुन्हा वाचला. त्यात खळीचं नाव नव्हतं. माणूस वाईट नव्हता तो, पण हुकुमाबाहेर विचार करायची त्याला सवय नव्हती.

मागे उभा असलेला विणकर पुढे आला. "कारभारी, आक्काच्या खळीशिवाय माझं घोंगडं होतच नाही."

"असं? मग घोंगडं कुणाचं? तुझं की हिचं?"

"आमच्याकडे असं कुणी विचारत नाही."

"मी विचारतोय. दोघांचं असेल तर धान्य निम्मं निम्मं होईल."

विणकराच्या घरी चार लेकरं होती. त्यानं आक्काकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं.

"माझं," तो म्हणाला.

"लेकरांना पोटभर घाल," एवढंच आक्का त्याला म्हणाली आणि घरी गेली. आठ दिवसांनी तिनं बोचकं बांधलं. दूरच्या गावी चुन्याच्या भट्टीवर तिला काम मिळालं. विणकर राजाच्या खर्चानं कागद करायला शिकला. लेकरं पोटभर जेवली. राजाला वाटलं, सगळं ठीक झालं.

तुम्हाला वाटतं का, झालं ठीक? मला त्या लेकरांचं पोट दिसतं आणि माझा राग निम्मा होतो. मग आक्काचं बोचकं दिसतं आणि राग पुन्हा येतो.

दहा वर्षं गेली. समुद्रापलीकडे युद्ध पेटलं आणि जहाजं यायची थांबली. नेमकी त्याच वर्षी अशी थंडी पडली की आडाच्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ दिसू लागला. जुनी कांबळी कधीच विरली होती. राजानं घोंगडी मागवली.

विणकरानं माग झटकला. लोकर होती, हात होते, खळ मात्र नव्हती. बायकांनी शिजवून पाहिली. पातळ झाली तर धागा तुटे, घट्ट झाली तर काडीसारखा मोडे.

मग कारभारी आणि विणकर दोघंही भट्टीवर गेले. आक्का चुन्याच्या धुरळ्यात पांढरी होऊन बसली होती. विणकरानं तिचे पाय धरले. "आक्का, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"ऊठ रे," ती म्हणाली. "तू खोटं बोललास, हे कारभारी खरं बोलले, आणि उपाशी मात्र मी राहिले. हे गणित मला काही सुटलं नाही. चल, माणसं गारठलीत."

ती आली. तिनं चिंचोके भाजले, वाटले, चुलीवर चढवले. सारा गाव भोवती उभा राहिला. खळ झाली की नाही हे चिमटीत धरूनच कळतं, डोळ्यांना ते दिसत नाही. आक्कानं चिमूटभर खळ उचलली, बोटांत चोळली. पुन्हा उचलली, पुन्हा चोळली.

"काय झालं, आक्का?" विणकरानं विचारलं.

"चुन्यानं बोटं मेलीत रे," ती हळूच म्हणाली. "काही लागतच नाही."

तिनं अंदाजानं हंडा उतरवला. धागे मागावर चढले आणि दुपारपर्यंत तुटले. पुढच्या हंड्यांचंही तेच झालं. त्या हिवाळ्यात राज्यातली कितीतरी म्हातारी माणसं आणि लहान मुलं थंडीनं गेली.

राजानं विचारलं, "चूक कुणाची?" कारभाऱ्यानं हुकूम दाखवला. विणकर मान खाली घालून उभा राहिला. राजा हुकुमावरची स्वतःचीच मोहर बघत राहिला. आता उत्तर मिळून उपयोगही नव्हता.

तात्पर्य: एक धंदा बुडतो तेव्हा त्याला लागलेले सगळेच हात बुडतात, म्हणून मदत करायची तर त्या सगळ्या हातांना करावी, आणि वेळेवर करावी.